पद्मिनी आणि मारुती ८००: घरातल्या दोन जुन्या गाड्यांपैकी ठेवायची कोणती?

घाटवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

साताऱ्याच्या घराच्या आवारात सध्या दोन गाड्या उभ्या आहेत. एक बाबांची प्रीमियर पद्मिनी, १९८४ ची. दुसरी काकांची मारुती ८००, १९८७ ची, म्हणजे नव्या आकाराची. दोन्ही चालू आहेत, कागदपत्रं पूर्ण आहेत. घराचं काम निघालंय आणि पुढे जागा एकाच गाडीची उरणार आहे. घरात उघड उघड दोन तट पडलेत. म्हणून हा धागा.

आधी माझं मत सांगतो. या दोन गाड्यांची तुलना बहुतेक जण चुकीच्या जागेवरून सुरू करतात. आरसी बुकात दोघींमध्ये तीन वर्षांचं अंतर आहे, म्हणून त्या एका काळातल्या धरल्या जातात. पण गाडीचा काळ आराखड्यावरून ठरतो. फियाटची ११०० मालिका ज्या रूपात आपल्याकडे रुजली तिचा पाया १९५३ चा. पद्मिनीची बॉडी इटलीतल्या १९६२ च्या ११००-डी ची. प्रीमियरने ती १९६४ पासून ‘डिलाइट’ म्हणून विकली, मग ‘प्रेसिडेंट’ म्हणून, आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ म्हणून. नावं बदलत गेली, पत्र्याखालचं यंत्र जवळपास तेच राहिलं. १९८६ मध्ये आलेली नव्या आकाराची ८०० मात्र जपानमध्ये १९८४ ला आलेल्या सुझुकी आल्टोवरची. म्हणजे आमच्या आवारातल्या दोन गाड्यांच्या आराखड्यांत वीस वर्षांहून जास्त अंतर आहे.

त्या वीस वर्षांत छोट्या गाडीची मांडणीच पालटली. पद्मिनीचं १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेलं, मागे गिअरबॉक्स, पोटाखालून प्रोपेलर शाफ्ट, शेवटी डिफरन्शियल, आणि ओढ मागच्या चाकांना. मारुतीचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याला चिकटून, ओढ पुढच्याच चाकांना. मधला सगळा लोखंडी पसारा गेला. पद्मिनीचं वजन ९०० किलोच्या आसपास, मारुतीचं साधारण साडेसहाशे. आणि ताकद? दोन्हींची चाळीस हॉर्सपॉवरच्या आगेमागे! ८०० च्या पिकअपचं गुपित एवढंच आहे. इंजिन बलदंड नव्हतं, त्याच्यावर ओझं कमी होतं.

घाटात हे सगळं उघडं पडायचं. पद्मिनीचा रेडिएटरचा पंखा पट्ट्यावर, म्हणजे इंजिन फिरेल तितकाच तो फिरणार. बोरघाटात पुढे ट्रक अडकला की इंजिन आयडलवर येतं, पंखाही मंदावतो, आणि थंडाव्याची गरज नेमकी तेव्हाच सर्वांत जास्त असते. एक्स्प्रेसवे होण्यापूर्वी शिंग्रोबाच्या देवळाच्या आसपास बोनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको. मारुतीचा पंखा विजेवरचा. पाणी ठरावीक तापमानाला पोचलं की तो आपला आपण सुरू होतो, इंजिन काहीही करत असो.

पण यावरून पद्मिनीला भंगार म्हणणाऱ्यांशी मी भांडायला तयार आहे. १९६४ च्या हिंदुस्थानात ती उत्तम गाडी होती. पुढच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र कॉइल स्प्रिंग, मोजकं आणि समजण्यासारखं इंजिन, खड्ड्यातही सरळ राहणारं स्टेअरिंग. दोष असला तर तीच गाडी २००० सालापर्यंत विकत राहण्यात आहे. त्यामागे लायसन्स राज होतं, परकीय चलनाची टंचाई होती, आणि गिऱ्हाईक बुकिंग करून वर्षानुवर्षं रांगेत उभंच होतं. बदल करण्याची निकड कोणाला वाटणार?

तर, ठेवायची कोणती? गाडी महिन्यातून दोन-चार वेळा निघेल, कधी महाबळेश्वर, कधी कोकणात. दुरुस्तीची मला आवड आहे.

कुर्ला_पश्चिम

धागा आवडला. वडील प्रीमियरमध्ये होते, त्यामुळे माझं मत एकतर्फी समजा.

कारखान्याबद्दल दोन ओळी हव्यातच. प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, १९४४ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी. ज्या माणसाने जहाजं, विमानाचा कारखाना आणि वालचंदनगरचा साखर कारखाना काढला, त्यानेच हेही काढलं. सुरुवात डॉज, प्लिमथ, डिसोटो अशा अमेरिकन गाड्या जुळवण्यापासून झाली, फियाट नंतर आली. १९५० च्या दशकातल्या त्या गोलमटोल ११०० ला सगळे डुक्कर फियाट म्हणायचे, आणि ते नाव लाडाचं होतं.

कुर्ल्यातल्या त्या कारखान्याच्या जमिनीवर आता कोहिनूर सिटी ही वसाहत उभी आहे. प्रीमियर रोड हे नाव तेवढं टिकलंय. शिफ्ट सुटली की त्या रस्त्यावर सायकलींची जी रांग लागायची ती मी दारात उभा राहून पाहिलेली आहे. त्या माणसांनी शेवटपर्यंत मन लावून काम केलं. मॉडेल जुनं ठेवायचं हा निर्णय त्यांचा नव्हता, एवढं धाग्यात नोंदवून ठेवतो.

रेवा_देव

मी मारुतीच्या बाजूने, आणि कारण तांत्रिक नाही.

आमच्याकडेही आधी पद्मिनी होती. ती फक्त बाबा चालवायचे. आई शिकायला बसली, पण उभ्या गाडीचं स्टेअरिंग फिरवताना खांदे भरून यायचे. क्लच जड, गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर. शिवाय सकाळी थंड इंजिन सुरू करायला चोक किती ओढायचा आणि कधी आत ढकलायचा याचा अंदाज फक्त बाबांना. थोडं चुकलं की प्लग ओले, मग दहा मिनिटं थांबा. दोन-तीनदा भर चौकात बंद पडल्यावर आईने नाद सोडला.

८०० आली आणि महिनाभरात आई एकटी मंडईत जायला लागली. पुढे मला क्लासला सोडायला, आजीला दवाखान्यात न्यायला, सगळीकडे तीच. आमच्या कॉलनीत ज्या बायका गाडी शिकल्या त्या सगळ्या ८०० वरच शिकल्या. गाडी घरात असणं आणि गाडीची किल्ली आपल्या हातात असणं यात फरक असतो, घाटवाट. तुमच्या तुलनेत वजन आलं, हॉर्सपॉवर आली, चालवणारं माणूस बदललं ते आलं नाही.

घाटवाट

रेवाताई, हा मुद्दा मूळ लेखात हवाच होता. आमच्याकडेही काकूंनी ८०० चालवली, पद्मिनीला कधी हात लावला नाही. घरातले दोन तट नेमके याच रेषेवर पडलेत, हे तुमचं वाचून ध्यानात आलं.

टायमिंग_चेन

माझं कोल्हापुरात गॅरेज आहे. दोन्ही गाड्या हाताखालून गेल्यात, अजून जातात. दुरुस्तीची आवड आहे म्हणालात म्हणून सविस्तर लिहितो.

पद्मिनीचं बोनेट उघडा आणि आत बघा. दोन्ही हात कोपरापर्यंत आत जातात. पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर, प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, पेट्रोल पंप, डोळ्यांसमोर सगळं. गाडी मिस मारायला लागली तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढायचं. पॉइंट काळे पडलेले दिसतील. काचकागदाची पट्टी दोन पॉइंटमध्ये घालून अलगद ओढायची, हँडल मारून कॅम उंचावर आणायचा, फिलर गेजने गॅप बघायचा, स्क्रू आवळायचा. रस्त्यात गेज नसेल तर माणसं व्हिजिटिंग कार्ड वापरायची, आणि घरी पोचण्यापुरतं ते चालायचंही. उन्हाळ्यात पेट्रोल पंप तापून पेट्रोल वर चढेना झालं की ओलं फडकं गुंडाळायचं. यातलं कुठलंही काम शिकायला आठवडा पुरतो.

मारुतीत हात घालायला जागा कमी, पण हात घालायची वेळही कमी येते. तेल, फिल्टर, प्लग वेळेवर बदला, ती विसरून जाईल की तिला मेकॅनिक लागतो. एकच गोष्ट डोळ्यात तेल घालून सांभाळायची, ती म्हणजे टायमिंग बेल्ट, इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा. पद्मिनीला टायमिंगची साखळी आहे. ती झिजली की आवाज करते, महिनोन्‌महिने सूचना देते. बेल्ट सूचना देत नाही. तुटला की गाडी जागच्या जागी उभी, आणि रस्त्याच्या कडेला काही करता येत नाही. तुमच्या ८०० चा बेल्ट कधी बदलला ते माहीत नसेल तर आज बदला.

आता गंज. निर्णय खरा इथे व्हायला हवा. पुष्कळांना वाटतं पद्मिनीला जीपसारखी वेगळी चेसिस आहे. नाही. दोन्ही गाड्यांची बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे पत्रा कुजला की गाडीची ताकदच गेली, वरचा रंग कितीही चकाको. पद्मिनीत मागचे पाटे (सस्पेन्शनच्या लोखंडी पट्ट्या) जिथे बॉडीला अडकतात ती जागा, जॅक लावायच्या जागा आणि डिकीचा तळ स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. मारुतीत पुढच्या स्ट्रटची (स्प्रिंग आणि शॉकअपच्या खांबाची) वरची बैठक, बॅटरीखालचा ट्रे आणि पायाखालचा पत्रा. रबरी मॅट उचलून बघा, पावसाचं पाणी तिथेच मुरतं. मारुतीचा पत्रा पातळ, तो गेला तर पॅच मारण्यात राम नाही. पद्मिनीच्या पत्र्याला वेल्डिंग धरतं.

निनाद७२

पद्मिनीचा पत्रा जाड म्हणूनच ती सुरक्षित. ८०० म्हणजे डबा. हायवेला पद्मिनीच न्या.

टायमिंग_चेन

निनादजी, हा समज घातक आहे म्हणून स्पष्ट लिहितो. जाड पत्रा दुमडत नाही, तेव्हा धडकेचा हिसका आतल्या माणसांना बसतो. त्यात जुन्या गाड्यांचा स्टेअरिंगचा दांडा सरळ आणि कडक, समोरून ठोकर बसली की तो थेट छातीवर येतो. ब्रेक चारही चाकांना ड्रम, उतारावर तापले की पकड कमी होते. ८०० ला निदान पुढे डिस्क आहेत. आजच्या हिशेबाने दोन्ही असुरक्षित. जुन्या गाडीने हायवेवर डाव्या लेनने, बेताच्या वेगाने जावं, आणि लहान मुलांना तिच्यातून लांबच्या प्रवासाला नेऊ नये.

काळीपिवळी

वडिलांची टॅक्सी होती, दादर स्टेशनला उभी असायची. पद्मिनी म्हटलं की मला घरची गाडी आठवत नाही, धंद्याची आठवते.

वरच्या चर्चेत गिअरचा विषय अर्धाच आलाय. दांड्यावरच्या गिअरपासून गिअरबॉक्सपर्यंत रॉड आणि बुश यांची साखळी असते. बुश झिजले की दोन गिअर एकदम अडकायचे. वडील सिग्नलला उतरायचे, बोनेट उघडून रॉड हाताने सरकवायचे, बोनेट आपटून परत बसायचे. मागच्या पॅसेंजरचं वाक्यही पुरं व्हायचं नाही.

दुसरं, पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअर अलगद जुळवणारी रचना, नाही. गाडी चालत असताना दुसऱ्यावरून पहिल्यावर यायचं तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, परत क्लच, मग पहिला. नाहीतर कर्रर्र. घाटातल्या वळणावर पहिला पडायलाच हवा, तेव्हा हे जमणं हीच ड्रायव्हरची परीक्षा. घाटवाट यांनी पद्मिनी ठेवली तर पुढच्या पिढीला आधी हे शिकवावं लागेल.

टॅक्सीला ती का चालली त्याचंही कारण आहे. मागे तिघं ऐसपैस, पुढच्या सलग सीटवर आणखी एक, वर कॅरिअरला गावी जायच्या ट्रंका. बाहेर डाव्या अंगाला मीटर, ड्रायव्हर हात काढून झेंडा पाडायचा. पुढे सीएनजीची टाकी डिकीत बसली, तरी गाडी ओढत राहिली. मागे पाटे असल्यामुळे वजनाची तक्रार नाही. ८०० ला हे झेपलं नसतं. ती दिवसाला चार फेऱ्या मारणाऱ्या चौकोनी कुटुंबाची गाडी, आणि त्या कामात तिला तोड नव्हती.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. २० वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळ्या-पिवळ्या पद्मिनी बंद. एक तरी टॅक्सी सरकारने जपून ठेवावी अशी मागणी तेव्हा झाली होती. माझी आजही तीच मागणी आहे. पोस्टरवर चित्र छापून भागत नाही, चालू इंजिनाची गाडी हवी.

समीर_नाशिक

मला मूळ लेखातल्या युक्तिवादाला हरकत घ्यायची आहे. घाटवाट, ‘आराखडा जुना होता’ म्हणून तुम्ही पद्मिनीला सूट देताय. १९८४ मध्ये माझ्या आजोबांनी साठवलेले पैसे मोजले ते १९८४ च्या गाडीसाठी. आराखडा कधीचा याच्याशी त्यांना काय देणंघेणं? १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची किल्ली दिली, किंमत पन्नास हजारांच्या आसपास, आणि गाडी घ्यायला लोक सोडतीत नंबर लागायची वाट बघत होते. लोकांनी तुलना तेव्हाच केली होती आणि निकालही तेव्हाच दिला होता.

घाटवाट

समीर, तुमच्या आजोबांची तक्रार शंभर टक्के रास्त आहे. ती कंपनीकडे आणि धोरणाकडे जाते, आणि तिथे मी तुमच्याच बाजूने उभा राहीन. मी वेगळा प्रश्न विचारतोय. आज, विकणारा आणि विकत घेणारा दोघेही बाजूला झाल्यावर, यंत्र म्हणून या दोन गाड्यांकडे कसं बघायचं? मग पद्मिनी ही साठच्या दशकातली चांगली गाडी ठरते आणि ८०० ही ऐंशीच्या दशकातली चांगली गाडी. १९८४ ची वाईट गाडी ही जी पद्मिनीची ओळख झाली, ती तिला बाजाराने चिकटवली.

अजून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याचं या गाड्यांना काय? दोन, कुणी म्हणतं पद्मिनीला व्हिंटेज नंबर मिळेल. खरं का?

टायमिंग_चेन

इथेनॉल जुन्या रबराला खातं. पेट्रोलचे पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंग, सगळं इथेनॉल सोसणाऱ्या मालाचं बसवून घ्या. दोन्ही गाड्यांना हे लागू. दुसरं म्हणजे ते पेट्रोल पाणी धरतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. तुम्ही महिन्यातून दोन-चारदाच काढणार, तर टाकी अर्धी ठेवू नका, आणि पंधरा दिवसांतून एकदा तरी इंजिन नीट गरम होईपर्यंत फिरवून आणा. नुसतं जागेवर चालू करून बंद करणं उपयोगाचं नाही.

कागदोपत्री

व्हिंटेजचा नियम २०२१ चा आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण हवीत आणि गाडीत मोठा फेरफार केलेला नसावा. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांची. महत्त्वाचं म्हणजे ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कारणांपुरतीच.

तुमची पद्मिनी १९८४ ची, म्हणजे २०३४ च्या आधी प्रश्नच नाही. तोवर नेहमीप्रमाणे दर पाच वर्षांनी फेरनोंदणी आणि पर्यावरण कर. महाबळेश्वरला न्यायची असेल तर व्हिंटेजच्या फंदात पडूच नका. आणि आतापासून इंजिन, बॉडी, रंग यांच्या दुरुस्तीची बिलं जपा, मूळ स्वरूप दाखवायला पुढे कामी येतील.

रेवा_देव

माझं मत अजून मारुतीकडेच. मात्र ती ठेवलीत तर चालवणाऱ्याला द्या, शोभेला ठेवू नका.

घाटवाट

सर्वांचे आभार. रविवारी दोन्ही गाड्या गॅरेजच्या खड्ड्यावर घेऊन टायमिंग_चेन यांनी सांगितलेल्या जागा टोचून पाहिल्या.

पद्मिनीत डिकीचा तळ एका कोपऱ्यात गेलाय. पाट्यांच्या जागा मात्र ठणठणीत. मारुतीत स्ट्रटच्या बैठका चांगल्या आहेत, ड्रायव्हरच्या पायाखाली तळहाताएवढा गंज, आणि तो अजून आरपार गेलेला नाही. म्हणजे दोन्ही वाचण्यासारख्या.

घरी बसून बोलणं झालं. मारुती काकूंच्या भाचीकडे कराडला जातेय. ती शाळेत शिकवते, रोज जायला-यायला तिला गाडी हवीच होती, आणि ८०० वर तिचा हात बसलेला आहे. पायाखालचा पत्रा आणि टायमिंग बेल्ट करून मगच देणार. पद्मिनी आमच्याकडे राहील. साताऱ्यात हिचं काम येणारे दोन जुने मेकॅनिक अजून गॅरेज चालवतात, त्यांच्या हाताखाली शिकून घ्यायची माझी तयारी आहे. आणखी दहा वर्षांनी ती संधी नसेल, हे निर्णयामागचं सर्वांत मोठं कारण. काकू मारुती जाणार म्हणून नाराज होत्या, भाचीचं नाव निघाल्यावर लगेच तयार झाल्या.

आता कामाचं: पद्मिनीचा सोलेक्स कार्बोरेटर गळतोय. थ्रॉटलच्या दांड्यापाशी ओल दिसते. नवा घ्यावा की दुरुस्तीचं किट टाकून आहे तोच सुधारावा?

टायमिंग_चेन

आहे तोच ठेवा. बाजारात नव्याच्या नावाखाली मिळतात त्यांचं ओतकाम बऱ्याचदा कच्चं असतं, जेटची, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक तोट्यांची, भोकं मापात नसतात. दांड्यापाशी गळतोय म्हणजे भोक झिजून मोठं झालंय, नुसत्या किटने भागणार नाही. लेथवाल्याकडून पितळी बुश बसवून घ्या, दांडा गुळगुळीत फिरतो का बघा, मग किट टाका. जुने जेट फेकू नका, त्यांच्यावरचे आकडे आधी लिहून ठेवा. काम झालं की इथे कळवा, ट्युनिंग कसं करायचं ते पायरी-पायरीने लिहितो.